खाडीपलीकडच्या बिया

हरीकाका,

काल दुपारी निकाल आला. मी माणगावला, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. वाचून झाला आणि हात आपोआप फोनकडे गेला. 'हरीकाका राई' हे नाव अजून तसंच आहे फोनमध्ये, पुसायचं धाडस होत नाही. घंटी वाजायला लागली तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी कुणाला फोन लावलाय. ठेवणार तेवढ्यात सुमनकाकूंनी उचलला. "बोल बाय," म्हणाल्या. मी म्हटलं, काकू, चुकून लागला. त्या म्हणाल्या, "सवय हाय, दुसरं काय. मीबी सकाळी दोन कप मांडते."

तुम्हाला जाऊन अठ्ठावन्न दिवस झाले. निकाल तुम्हाला आधी सांगायला हवा, काकूंच्याही आधी, कारण भांडण तुमचं-माझं होतं. पण मी सरळ मुद्द्यावर येणाऱ्यातली नाही. तुम्हीच म्हणायचात, "म्याडम, तुमचं बोलणं म्हंजे माणगावहून आमच्या गावाला यायचं आन् ते पनवेलवरनं." तेव्हा आताही जरा दमानं घ्या.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्या गावच्या सोमजाईच्या देवराईत पहिल्यांदा आले ती जाळ्यांची बोचकी घेऊन. रानातल्या बिया कोण नेतं, कुठून नेतं, किती लांब नेतं, हे शोधायचं माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. झाड जागचं हलत नाही, त्याची पोरं मात्र दुसऱ्या डोंगरावर सापडतात, आणि मधला प्रवास कुणीच पाहिलेला नसतो. तुम्ही राईच्या तोंडाशी दगडावर बसला होतात, अंगात बनियन, खांद्यावर पंचा, आणि माझ्या बोचक्यांकडे संशयाने बघत होतात.

"काय न्हेताय?"

"नेत काही नाही. मोजायला आलेय."

"काय मोजताय?"

मी सांगितलं. तुमच्या तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "म्हंजे माझंच काम की," म्हणालात.

न्हावा शेव्याच्या बंदरात तुम्ही अठ्ठावीस वर्षं टॅली क्लार्क होतात. जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक कंटेनरचा नंबर टिपायचा, सील बघायचं, कुठून आला आणि कुठल्या ट्रेलरवर चढला ते लिहायचं. उरणच्या भाड्याच्या खोलीत उमेदीची वर्षं काढून निवृत्तीनंतर गावी आलात, आणि काकूंच्या मते टिपायला काही उरलं नाही म्हणून चिडचिडे झाला होतात. "कुठनं आला, कुठं उतरला, सील शाबूत हाय का. चौथं काय इचारायचंच न्हाय," असं तुम्ही मला त्या पहिल्या दिवशी सुनावलंत. मी पीएचडीत पाच वर्षं घालवली होती, पण माझा विषय इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितला नव्हता. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक लांबट रजिस्टर घेऊन हजर झालात. रकाने आखलेले होते: तारीख, बी, कुठून, कुठं, कुणी.

राईचा नियम तुम्ही माझ्याकडून असा पाळून घेतलात की माझ्या आईने सोवळंसुद्धा कधी इतक्या कडकपणे पाळून घेतलं नसेल. सोमजाईच्या राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. लाकूडफाटा सोडाच, वाळलेलं पानसुद्धा नाही. म्हणून आपण सगळं आतच करायचो. काकूंच्या जुन्या नायलॉनच्या साड्या चार काठ्यांना बांधून झाडांखाली झोळ्या केल्या, त्यांत पडेल ते तिथेच मोजायचं आणि तिथेच ठेवायचं. निघताना तुम्ही माझी पिशवी उलटी करायला लावायचात. चपला झटकायच्या. सलवारीला चिकटलेली कुसळं दगडावर बसून एकेक काढायची. एकदा मी वैतागले, म्हटलं, "काका, कुसळ आहे हो नुसतं." तुम्ही शांतपणे रजिस्टर उघडलंत. "बी कोण न्हेतं तेच बगताय ना तुमी? मग ही बगा." आणि 'कुणी'च्या रकान्यात लिहिलंत: म्याडमची सलवार. ती नोंद मी अजून वर्गात दाखवते. मुलं हसतात आणि धडा मात्र डोक्यात पक्का बसतो.

लाल दोऱ्याचं प्रकरण आठवून मला अजून घाम फुटतो. उंदीर आणि साळिंदर बिया कुठे पुरून ठेवतात ते कळावं म्हणून बीला लांब दोरा बांधतात, दोऱ्याच्या टोकाला नंबर. बी मातीत गेली तरी दोरा वर राहतो. मी शहाणी, बाजारातून लाल दोरा आणला. आठवड्याभरात कुणाच्या परसात, कुणाच्या भाताच्या खळ्याशी लाल दोरा बांधलेल्या बिया निघायला लागल्या आणि गावात एकच गलका झाला, कुणीतरी करणी केलीय. मी माणगावला आरामात होते. देवळापुढच्या बैठकीत तुम्ही एकटे उभे राहिलात. काकूंनी मला नंतर सांगितलं, तुम्ही म्हणालात, "करणी न्हाय, सील हाय. डॉकवर असतं तसं. माल कुठं उतरला ते कळायला." कुणीतरी विचारलं, मग उतरवला कुणी? "उंदरानं," म्हणालात. लोक हसले आणि बैठक मोडली. त्यानंतर दोरा निळा झाला, आणि बाया स्वतःहून बिया तुमच्या ओटीवर आणून द्यायला लागल्या, त्यामुळे बी मुळात कुठे सापडली हेच कळेनासं झालं. तुम्ही कपाळाला हात लावून बसलात. "आता ह्या बायाच साळिंदर झाल्या," म्हणालात.

मग मण्यांची युक्ती. पिकल्या केळ्यात रंगीत मणी घालून ठेवायचे, देवळाजवळ पिवळे, झऱ्याजवळ हिरवे, वाटेवर निळे. कांडेचोर, म्हणजे माझ्या पुस्तकातलं उदमांजर, ते केळं खातो, मणी त्याच्या पोटातून जातात आणि लेंडीबरोबर बाहेर पडतात. बीचंही तसंच होतं, फक्त बी आपल्याला सांगत नाही ती कुठली. मणी सांगतो. तुम्हाला आधी हा पोरखेळ वाटला होता. मग एका सकाळी खाडीच्या बांधावर, खाऱ्या वाऱ्यात वाळून गेलेल्या लेंडीत तुम्हाला पिवळा मणी दिसला. तुम्ही काडीने तो बाजूला केलात, चिमटीत धरलात, आणि बांधावर बसलात. राई तिथून दिसतसुद्धा नव्हती, मध्ये सगळी खाचरं. "ह्यो इथवर आला? एका फेरीत?" तुम्ही राईच्या दिशेने बघत राहिलात. "आन् आमी जन्मभर समजतोय राईतनं काय बाहेर जात न्हाय." त्या दिवशी तुम्ही मला चपला झटकायला लावल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा लावल्यात, ते सोडा.

पण आपलं दोघांचं वेड होतं ते ककणेर. मी त्याला धनेश म्हणायचे, पुस्तकात तसं आहे म्हणून. काळापांढरा, चोचीवर आणखी एक चोच बसवल्यासारखा, आणि उडताना पंखांचा आवाज असा की आधी कान वर जातात आणि मग मान. खाडीपलीकडच्या टेकडीवर एकच जुना बेहडा आहे, बाकी वणव्याने उघडी पडलेली जमीन. त्या बेहड्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात ककणेराची मादी शिरते आणि आतून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. मग महिनोन्महिने ती आत, आणि नर बाहेरून फळं आणून एकेक करून घशातून वर काढतो आणि फटीतून तिला भरवतो. खाल्लेल्या फळांच्या बिया खाली पडतात. हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. पण प्रत्यक्ष पाहिलं ते तुमच्याबरोबर करवंदीच्या जाळीआड बसून, पहिल्यांदा.  तुम्ही म्हणालात, "एवढा इस्वास."

त्याच बेहड्याखाली तुम्ही मला रोपं दाखवलीत. रानजायफळाची. गुडघ्याएवढी, हातभर, काही नुकती डोकं वर काढलेली. रानजायफळ त्या टेकडीवर नाही, खाडीच्या पलीकडच्या सगळ्या बाजूला नाही. आहे ते फक्त राईत, झऱ्याच्या ओलाव्याला. त्यात नर-मादी झाडं वेगळी, नराच्या झाडाला फळ नसतं. फळणारी झाडं अकरा, ती तुम्ही नावानिशी ओळखायचात. "राईचीच बी," तुम्ही म्हणालात. "खाडी वलांडून आणली त्यानं."

मी म्हटलं, "कशावरून?"

या एका शब्दावरून आपण तीन उन्हाळे भांडलो. तुम्ही राईत बसायचात, मी बेहड्याजवळ. नर राईतून उडाला की तुम्ही मला मिस्ड कॉल द्यायचात, तो बेहड्यावर उतरला की मी तुम्हाला. चारपैकी तीन वेळा तो इतक्या लवकर पोचायचा की मधे कुठे टेकला असेल असं वाटायचंच नाही. तुम्ही होडीतून पलीकडे यायचात आणि विजयी मुद्रेने विचारायचात, "आता?" आणि मी म्हणायचे, "पक्षी तोच आहे काका, पण बी तीच कशावरून? त्याच्या घशात आधीचं फळ असेल तर? वाटेत भलतंच कुठे खाल्लं असेल तर? आपण त्याच्या घशात कुठे बघतोय?" तुमच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एकदा म्हणालात, "उद्या म्हणाल, आई तुमची हीच कशावरून."

त्या वाक्यावरून मी तुम्हाला ती गोष्ट सांगितली. आठवतं? बेहड्याखाली एका बीचं फुटलेलं कवच उचललं आणि तुमच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, "काका, आतला गर आई आणि बाप दोघांचा असतो. पण हे बाहेरचं कवच निव्वळ आईचं. आईच्याच अंगाचं. प्रयोगशाळेत याची खूण काढता येते, आणि आईच्या पानाची खूण त्याच्याशी जुळवून बघता येते. बी कितीही लांब पडो, कवच सांगतं आपण कुणाकडून निघालो." तुम्ही ते कवच उलटंपालटं करत कितीतरी वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "म्हंजे पोर कुठंबी जावो, अंगावरचं कापड आईचं."

मी इतकी वर्षं शिकवतेय, माझ्या अंगावर पहिल्यांदाच काटा आला.

"मग जुळवा की," म्हणालात. मी म्हटलं, "पान लागेल. अकरा झाडांचं एकेक पान." आणि तुमचा चेहरा उतरला.

राईतलं पान. तुम्ही मला त्या दिवशी नाही म्हणाला नाहीत, सोमजाईला विचारू म्हणालात. गुरवबाबांनी कौल लावला. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवल्या, उजवी पडली तर होकार. आपण दोघं हात जोडून उभे. डावी पडली. मी परत येताना तावातावाने बोलले. म्हटलं, ककणेर रोज राईतलं फळ बाहेर नेतो, त्याला कुणी कौल विचारला? तुम्ही मान खाली घालून चालत होतात. "त्याला न्हाय इचारत. आपल्याला इचारावं लागतं," एवढंच म्हणालात. मी ते तेव्हा हेकटपणा म्हणून सोडून दिलं. आता वाटतं, तुम्ही मला त्या एका वाक्यात बरंच काही सांगत होतात आणि मी नुसती चिडलेली होते.

मग अहवालाची वेळ आली. रजिस्टर टाइप करायला मी माणगावला नेलं. बेहड्याखालच्या प्रत्येक बीच्या ओळीत, 'कुठून'च्या रकान्यात, तुम्ही ठळक अक्षरात लिहिलं होतं: राई. राई. राई. पानामागून पान. मी शिक्षिका, हातात लाल पेन, वीस वर्षांची खोड. प्रत्येक 'राई'वर रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, अज्ञात. पुराव्याशिवाय दुसरं काही लिहिता येत नव्हतं, हे मी आजही म्हणेन. पण काम झालं आणि ते रजिस्टर मी तसंच कागदात बांधून एसटीच्या कंडक्टरकडे दिलं, 'गावात हरीकाकांना द्या' म्हणून.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तुमचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "अठ्ठावीस वर्षांत माझी एक नोंद कुणी खोडली न्हाय, बाय. कस्टमवाल्यांनीबी न्हाय. माझ्या सहीवर जहाजं सुटली." मी म्हटलं, "काका, विज्ञानात असंच असतं." तुम्ही म्हणालात, "असंल," आणि फोन ठेवलात.

त्यानंतर आपलं बोलणं झालं ते तोंडदेखलं. संक्रांतीला तिळगूळ, गुढीपाडव्याला शुभेच्छा, फोनवर हात जोडलेलं चित्र. उन्हाळा आला, मादी ढोलीत गेली असेल, मला माहीत होतं. मी गेले नाही. कॉलेजचं मूल्यांकन आहे, परीक्षा आहेत, अशी कारणं मीच मला देत राहिले. दर गणपतीला मी तुमच्याकडे यायचे. यंदा तेही नाही. गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी फोन करून विचारलं होतं, "येत न्हाईस? तुझ्या वाटणीचं काढून ठेवलंय." मी म्हटलं, येते पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात आले ती तुमच्या मातीला.

तेराव्याला काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. "हे तुझं हाय म्हणत व्हते. मी हात लावला न्हाय."

डब्यात वर्तमानपत्राच्या पुड्या होत्या, औषधांच्या असतात तशा घड्या घातलेल्या. सत्तेचाळीस. प्रत्येकीत रानजायफळाचं एक कवच. म्हणजे तुम्ही या उन्हाळ्यात एकटे, होडी वल्हवत, बेहड्याखाली जात होतात. प्रत्येक पुडीवर तारीख, 'बेहड्याखाली', आणि 'कुठून' या शब्दापुढे कोरी जागा. काहीच लिहिलं नव्हतंत. एकावरही नाही. मी सगळ्या पुड्या जमिनीवर मांडल्या आणि त्या कोऱ्या जागांकडे बघत बसले. काका, अहो, तुम्ही माझं ऐकलं होतंत. रागावला होतात, दुखावला होतात, आणि तरी माझ्या पद्धतीने लिहीत होतात.

पुड्यांच्या खाली बुटांच्या खोक्यात असतात तशा ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या छोट्या थैल्या होत्या, डॉकवरच्या तुमच्या जुन्या साठ्यातल्या. पान वाळवून जपायला आम्ही नेमके तेच दाणे वापरतो. हे मी तुम्हाला कधीतरी बोलता बोलता सांगितलं असणार, मला आठवतही नाही. आणि त्या थैल्यांच्या मधे, झाडाचं नाव लिहून, एकेक करून ठेवलेली अकरा पानं.

मी पळत गुरवबाबांकडे गेले. मला वाटलं, माझ्या हट्टापायी तुम्ही नियम मोडलात. गुरवबाबा ओटीवर विड्या वळत होते. ते म्हणाले, "मोडतोय कुठला. दर अमावास्येला यायचा. कौल लाव म्हणायचा. डावाच पडायचा. मी म्हटलं, हरी, देवी न्हाय म्हणतेय, सोड. तर म्हणतो कसा, न्हाय म्हणतेय तर न्हाय, पुढच्या टायमाला पुन्यांदा इचारू. श्रावणात उजवी पडली. पोरासारखा रडला." नऊ वेळा डावी, दहाव्यांदा उजवी. आम्ही याला प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणतो काका, आणि नऊ वेळा नकार आल्यावर मी तरी तो प्रयोग बंदच केला असता.

"मग मला का नाही सांगितलं?" मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मी म्हटलं व्हतं फोन कर. तर म्हणाले, गणपतीला येतेच ती. तवा पुढ्यात ठेवीन. तोंड बगायचंय तिचं."

डबा मी बेंगळुरूला मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत पोचवला. कंडक्टरकडे दिला नाही, स्वतः घेऊन गेले. आणि काल निकाल आला.

आता ऐका. सत्तेचाळीसांपैकी पाच कवचांतून काही निघालं नाही, ती बहुधा आधीच्या उन्हाळ्यांची, फार जुनी होती. एकोणचाळीस कवचं राईतल्या अकरा आयांपैकी कुणा ना कुणाची निघाली. सगळ्यात जास्त त्या झऱ्यावर वाकलेल्या झाडाची, जिला तुम्ही थोरली म्हणायचात. खाडी ओलांडून, खाचरांवरून, बांधावरून, ककणेराच्या घशातून ती बी पलीकडे गेली आणि आईचं कापड अंगावर घेऊन त्या उघड्या टेकडीवर उतरली. तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं होतंत तेच. स्टाफरूममध्ये माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि एका सहकाऱ्याला वाटलं घरी काही झालं.

पण उरलेली तीन. काका, ती तीन कवचं अकरांपैकी कुणाचीच नाहीत. मैत्रिणीने दोनदा तपासलं. तिन्हींची आई एकच, आणि ती राईत नाही. म्हणजे कुठेतरी रानजायफळाचं आणखी एक फळणारं झाड आहे. कुठल्या घळीत, कुठल्या डोंगराच्या पाठी, कुणास ठाऊक. तुम्ही या मुलखात जन्मलात, तुम्हाला ते माहीत नव्हतं. मी चार वर्षं नकाशे घेऊन हिंडले, मलाही नाही. तो पक्षी मात्र तिच्याकडे जातो आणि तिचं फळ घेऊन घरी येतो. काल दुपारपासून मला दुसरं काही सुचत नाही. आपण एक रस्ता सापडतो का म्हणून इतकी वर्षं डोळे लावून बसलो, आणि त्या आभाळात असे किती रस्ते असतील. मुंग्यांचे, वटवाघळांचे, कोल्ह्यांचे. कुणी न लिहिलेले, रोज चालू असलेले. माझं डोकं चालेनासं झालंय काका, आणि मला त्याचा आनंद होतोय.

तुम्ही म्हणत होतात राईची, मी म्हणत होते कशावरून. दोघांचंही खरं निघालं. तुम्ही असतात तर आधी तासभर जिंकल्यासारखे मिरवला असतात, काकूंना हाक मारून चहा टाकायला लावला असतात, आणि मग चष्मा नाकावर ओढून त्या तीन पुड्यांवर बोट ठेवलं असतंत: "ह्या कुठनं?"

आज सकाळी मी गावी आले. काकूंना सगळं वाचून दाखवलं, समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हंजे त्यांचं खरं व्हतं," म्हणाल्या. मी म्हटलं, "हो काकू. खरं होतं." त्या खाडीकडे बघत म्हणाल्या, "मग हे त्यांना सांग. मला काय सांगतेस."

म्हणून हे लिहितेय, तुमच्याच ओटीवर बसून.

काका, रेघ मारल्याबद्दल मी माफी मागणार नाही. पुरावा नव्हता, आजही मारली असती, आणि पुड्यांवरची कोरी जागा सांगते की तेही तुम्हाला शेवटी पटलं होतं. पण ती रेघ मी इथे येऊन, तुमच्यासमोर बसून, तुमची बोलणी खात मारायला हवी होती. मी ती माणगावात एकटीने मारली आणि एसटीने पाठवून दिली. नंतर वर्षभर मान वर करून वागले, जणू दुखावली गेले ती मीच. तुम्ही त्या वर्षात दहा वेळा देवीपुढे उभे राहिलात. तुमच्या घरापर्यंत यायला मला एक बस लागत होती.

गणपतीत तुम्ही तो डबा जवळ ठेवून वाट बघत होतात. मी यायला हवं होतं.